मागच्या चाकातला माणूस

आमच्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघ्यातल्या एका लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली नवी मोटार मांडवाशी येऊन थांबली. सगळे नवरदेवाला बघायला पुढे धावले. एकटे थूलसाहेब कोटाची टोकं सावरत मागच्या चाकाशी उकिडवे बसले, डोळा चाकाच्या फटीला लावला आणि गुडघे झाडत उठून वधूपित्याला म्हणाले, "बिनधास्त राहा. मागं ड्रम ब्रेकच हाय. सोयरिक चांगली भेटली."

वधूपिता एवढा गांगरला की त्याने हात जोडले.

थूलसाहेब माझे शेजारी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्या लोकांनी शाल घेतली, नारळ घेतला. यांनी खात्याच्या लिलावातली पांढरी अँबेसेडर घेतली. ज्या गाडीत खात्याचे मोठे साहेब मागे बसायचे आणि हे फायली मांडीवर घेऊन पुढे, ती गाडी आता यांच्या दारात उभी असते. थूलकाकू वारल्या, लेक प्रज्ञा लग्न होऊन हिंगणघाटला गेली. ती तिथे कॉलेजात शिकवते. घरात उरले साहेब आणि गाडी. त्यातली गाडी जरा कमी बोलते.

तुमच्याकडे कुठलंही वाहन असो, साहेब चहाच्या आधी त्याचं मागचं चाक बघणार. डिस्क ब्रेक दिसला की त्यांचा चेहरा पडतो. "शायनिंग हाय निस्ती," ते म्हणतात. "मास्तर, गाडी थांबवाचं काम पुढचं चाक करते. मागच्यानं फक्त साथ द्याची. साथ द्याले डिस्क कायले पायजे? अन् हँडब्रेक ड्रमसारखा कोनाचाच पकडत नाई."

मी शाळेत मराठी शिकवत होतो. माझा ब्रेकशी संबंध स्कूटरपुरता. मी एकदा चुकून म्हणालो, "पण डिस्क दिसायला छान दिसतं." त्यावर त्यांचं ठेवणीतलं वाक्य आलं, "भावनेत जाऊ नोका मास्तर. टेक्निकल बोला."

हे वाक्य ते कुठेही वापरतात. सून भाजीत मीठ कमी घालते अशी एकाने तक्रार केली, तर त्यालाही टेक्निकल बोलायला सांगितलं.

आता गंमत अशी की माणूस बरोबर होता. गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री रशीदभाईही हेच सांगायचा. जगात फक्त एकाच माणसाला हे पटत नव्हतं, आणि ते माणूस म्हणजे प्रज्ञा.

झालं होतं असं. एका पावसाळ्यात साहेब लेकीला हिंगणघाटहून आणत होते. नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या पुलावर, पाणी होतं. त्यांनी गाडी पाण्यातून काढली खरी, पण तेव्हा चारही चाकांना असलेल्या ड्रममध्ये पाणी शिरलं. पुढे बैलगाडी आडवी आली, साहेबांनी ब्रेक दाबला आणि गाडी आपली चाललीच. शेवटी तुरीच्या शेतात जाऊन थांबली. तूर आडवी झाली आणि प्रज्ञाच्या कपाळाला चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. ती बाहेर उतरली आणि म्हणाली, "बाबा, चारही चाकांना डिस्क लावल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही."

साहेबांनी पुढच्या चाकांना लगेच डिस्क बसवले. मागे मात्र ड्रमच ठेवले. चूक कबूल करायची ती पुढच्या चाकांपुरतीच, असा त्यांचा बाणा. लेकही त्यांचीच. ती म्हणाली होती चार, म्हणजे चार.

तेव्हापासून वर्ध्याच्या बसस्थानकावर एक तमाशा सुरू झाला. प्रज्ञा बसमधून उतरायची. साहेब धुतलेली गाडी घेऊन उभे असायचे. ती त्यांच्या पाया पडायची, बॅग त्यांच्या गाडीत ठेवायची आणि स्वतः ऑटोत बसायची. पुढे ऑटो, मागे तिची बॅग घेऊन अँबेसेडर, अशी वरात पिपरीपर्यंत. साहेब मला सोबत न्यायचे आणि मागच्या सीटवर बसवायचे. दोघा बापलेकींच्या मध्ये एक माणूस असला की बोलायला सोपं जातं. सबंध रस्ता ते ऑटोवाल्याला शिव्या घालत असायचे, "पाहा, पाहा, कसा झटक्यानं दाबून राह्यला! पोरीची मान लचकन ना!"

मला हसू यायचं. पण एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं. बाजूच्या रिकाम्या सीटवर त्यांनी धुतलेला टॉवेल अंथरला होता. दर खेपेला अंथरायचे.

मागच्या महिन्यात माझी स्कूटर पंक्चर झाली म्हणून रशीदभाईकडे गेलो. तिथे अँबेसेडर जॅकवर चढवलेली, मागची दोन्ही चाकं काढलेली आणि काढलेले ड्रम जमिनीवर. त्यांच्या जागी चकचकीत डिस्क. बाकड्यावर थूलसाहेब. शाळेत कॉपी करताना पकडलेली पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण असा चेहरा नाही.

"मी लाख समजावलं," रशीदभाई म्हणाला, "ड्रम चांगले आहेत. आयकतच नाईत."

"साहेब, टेक्निकल बोलायचं तर..." मी सुरुवात केली.

"ड्रमच बरोबर हाय," साहेब म्हणाले. "पन त्या दिवशी तिच्या कपायाले लागलं ना मास्तर. मी बरोबर असून काय करू? उद्या बसली गाडीत, अन् पुन्हा काई झालं तर?"

"मग तिला सांगा की."

"नाई. कोनालेच सांगजा नोको. बाप हरला म्हनून तिनं बसू नोये. बसाचं असन तर बापावर भरोसा ठेवून बसन."

याला काय म्हणावं? भरोसा तर हवा, पण तो खरा ठरावा याची तजवीज आधीच करून ठेवलेली. मी गप्प बसायचं कबूल केलं. या वयात मला पोटात काही ठेवणं जड जातं, तरी.

गेल्या रविवारी प्रज्ञा आली. नेहमीसारखी पाया पडली, बॅग ठेवली. ऑटोवालाही सवयीने पुढे आला. तिने गाडीकडे पाहिलं.

"मागचे ब्रेक तेच आहेत ना, बाबा?"

"तेच. ड्रम," साहेब ताठ मानेने म्हणाले.

मला वाटलं, आता माझ्याच्याने राहवणार नाही. पण मी तोंड उघडायच्या आधी तिने ऑटोवाल्याला हाताने नको म्हटलं, पुढचं दार उघडलं आणि टॉवेलावर बसली.

साहेब तसेच उभे. "काऊन? काय झालं?"

"काही नाही. ऑटोत मी सारा वेळ मागं वळून पाहत राहते. सिग्नलला तुम्ही मागं राहिले की जीव घाबरते माह्या. असे किती दिवस काढू? चला."

साहेबांना किल्ली लावायला वेळ लागला. मी मागे बॅगेशेजारी बसलो होतो आणि खिडकीतून बाहेर बघत होतो, कारण आत बघण्यासारखी माझी स्थिती नव्हती. साहेब ब्रेकबद्दल बोलले नाहीत, ऑटोवाल्यांबद्दल बोलले नाहीत. पिपरी आली. आमची गल्ली आली आणि बाजूने निघून गेली.

"बाबा, घर गेलं," प्रज्ञा म्हणाली.

"हो, गेलं," साहेब म्हणाले आणि त्यांनी गाडी पुढे हिंगणघाटच्या रस्त्याला काढली.