खुर्चीवरचे पाव्हणे

उत्कर्ष सरांचा यात फायदा काय होता, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढं नुकसान मोजताना घोळ होणार नाही.

पहिला फायदा बँकॉक! तिथं आशियाई ग्राहकाच्या वागण्यावर मोठा परिसंवाद भरणार होता, आणि निबंध पसंत पडला तर विमानाचं तिकीट आयोजकांचं. दुसरा फायदा नोकरी. मंगरूळपीरच्या ज्या कॉलेजात सर तासाच्या बोलीवर वाणिज्य शिकवत, त्याच्या अध्यक्षांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत शब्द दिला होता, "परदेशात पेपर वाचून या सर, मंग परमनंटचं पाहू." आणि परमनंट झालं की तिसरा फायदा चालत येणार होता, कारण रिसोडच्या एका घरानं "पोरगा परमनंट झाला की कळवा, पोरगी तयारच हाय," असा निरोप पाठवून ठेवला होता.

म्हणजे विमान, पगार आणि बायको! आणि एवढ्यासाठी गुंतवणूक किती? तर एक दिवस गप्प बसायचं. इतका स्वस्त सौदा वाशीम जिल्ह्यात दुसरा कुणी केला असेल, तर तो निदान मास्तर नसणार.

सरांच्या संशोधनाचा प्रश्न सोपा होता. घरचा घोळका खरेदीला निघतो, तेव्हा शेवटचा शब्द कुणाचा? मालकाचा, मालकिणीचा, की कोपऱ्यात डोळे मिटून बसलेल्या आजीचा? टॉवेल, चादरी, शाळेचे गणवेश या सगळ्या खरेद्या त्यांनी महिनाभर मंगरूळपीरात पाहिल्या होत्या. राहिला होता फक्त बस्ता, म्हणजे लग्नाच्या कपड्यांची दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून केलेली खरेदी. तो आज केनवडच्या दुकानात पाहायचा आणि संध्याकाळी निबंध पाठवायचा. उद्या मुदत संपत होती.

त्यांच्या मार्गदर्शक योगिनी मॅडम अमरावतीला असत, पण त्यांचा धाक केनवडपर्यंत पोचे. त्यांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं, "ग्राहकाशी एक शब्द बोललात तरी निरीक्षण बाद. मान हलवलीत तरी बाद. शेतातलं बुजगावणं आहात असं समजा."

"पण मॅडम, बुजगावण्याले पाखरं भितात."

"ग्राहक म्हणजे पाखरं नव्हेत!" मॅडमनी फोन ठेवला.

केनवडच्या बाजारात जानरावांचं कापडाचं दुकान. जानराव म्हणजे जीव लावणारा माणूस. कॉलेजचा सर आपल्या दुकानात बसून अभ्यास करणार, या आनंदात त्यांनी पहिला घोटाळा केला. गिऱ्हाईक बसतं ते पांढऱ्या गादीवर, मांडी घालून. सरांना मात्र त्यांनी आपली हातांची खुर्ची दिली. गल्ल्याच्या बाजूला, थेट पंख्याखाली. तिच्यावर नवाकोरा टॉवेल टाकला. चहा दिला तो कपबशीत. बाकीच्यांना कागदी गिलास.

"अहो जानरावभाऊ, मी खाली बसतो ना."

"नाई नाई! तुमी सर मानूस. गादीवर बसून लिहिता येते का?" मग त्यांनी आपल्या हरीओमला ताकीद दिली. हरीओम साड्या दाखवण्यात तरबेज, पण सांगितल्याच्या बाहेर न जाणारा गडी. "हरीओम, हे साहेब आपलं काम करून राह्यले. त्याईले कोनी काही इचाराचं नाई. कोनी बोलला तं तूच आवर. मी स्टँडवरून पार्सल घेऊन येतो."

एवढं सांगून जानराव गेले. आणि पार्सलची गाडी उशिरा आली.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आपल्याकडं सोयरीक जमवताना दोन्ही बाजू आपापला एक साहेब सांगतातच. शेत किती, पोरगा काय करते, हे सांगून झालं की हळूच साहेब काढायचा. या लग्नात वरपक्षानं सांगितला होता पुसदचा मोठा जावई : "लय कडक मानूस बरं! मनाले आलं नाई तं जेवत नाई." वधूपक्षानं सांगितला होता अकोल्याचा मामा : "कलेक्टर हापिसात बसते. सहीशिवाय बोलत नाई." आणि सुपारीच्या दिवशी दोन्ही साहेब कामात होते, कारण बोलावलं की येतो तो साहेब कसला?

तर वधूपिता जगदेवभाऊ, त्यांची बायको रुख्मिणी आणि नवरी निकिता दुकानात शिरले, तेव्हा त्यांना काय दिसलं? खुर्ची. खुर्चीत चष्मेवाला माणूस. हातात कागद. कपबशी.

"राम राम साहेब!" जगदेवभाऊंनी हात जोडले.

सरांनी कागदातून डोकं वर काढलं नाही. बुजगावणं राम राम घेत नसतं.

"हरीओमभाऊ, हे..." रुख्मिणीनं हळूच विचारलं.

"त्याईले काही इचारू नका!" हरीओमनं ओठांवर बोट ठेवलं.

"पुसदचे जावई," जगदेवभाऊ बायकोच्या कानात म्हणाले, आणि मांडी घालण्याऐवजी गुडघे दुमडून बसले.

पाच मिनिटांनी नवरदेवाची आई प्रयागबाई आणि नवरदेवाचा मोठा भाऊ विकास आले. त्यांचाही राम राम असाच हवेत विरला. प्रयागबाईनं खुर्चीकडं पाहिलं, कपबशीकडं पाहिलं आणि पोराला कोपरानं ढोसलं. "अकोल्याचा मामा! आपल्या आधीच येऊन बसला बापा."

रीतीप्रमाणं नवरीची साडी वरपक्षानं घ्यायची, नवरदेवाचा सूट वधूपक्षानं. हरीओमनं मधल्या फळीवरच्या साड्या काढल्या. निकिताचा हात पहिल्याच फटक्यात एका मोरपंखी साडीवर गेला आणि तिथंच राहिला. बारीक काठ, हलकी जर, पाण्यासारखी झुळझुळीत. प्रयागबाईलाही ती पटली होती. तिनं सवयीनं कोपऱ्यातली किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली.

सरांनी टिपलं : 'सासू. आधी रंग, मग किंमत.' पेन कागदावर कुरकुर वाजलं.

प्रयागबाईचा हात चिठ्ठीवरून असा उडाला, जणू विंचूच डसला! किंमत पाहताना मामानं पाहिलं, आणि पाहिलं ते पाहिलं, लिहून घेतलं! "हरीओम, ह्या कायले काढल्या रे? सून करून राह्यलो आमी, मोलकरीन नाई! वरच्या फळीवरच्या काढ."

वरच्या फळीवरून शालू उतरले. इकडं जगदेवभाऊंनी सुटाचं साधं कापड चिमटीत धरलं होतं, तेवढ्यात सरांनी तोंड वाकडं केलं. वास्तविक चहाच्या तळाला साखर साचली होती. पण जगदेवभाऊंनी कापड चटकन खाली टाकलं. "हे नोको! याच्याहून भारी दाखव. चमकते थे!"

सरांनी लिहिलं : 'दोन्ही पक्ष कुणीही न सांगता वरच्या किमतीकडं!' आणि मनात लाडू फुटू लागले. कुणी ठरवत नाही, तरी ठरत चाललंय! असं आशियात आजवर कुणी टिपलं होतं का? त्यांना बँकॉकच्या टाळ्या ऐकू येऊ लागल्या. त्या भरात त्यांनी खुर्चीत मागं रेलून सुस्कारा सोडला.

त्या सुस्काऱ्यानं दोन्ही पक्षांची किंमत आणखी एक पायरी वर गेली.

मग सुरू झाला मानपान. जगदेवभाऊ लघवीच्या निमित्तानं उठले आणि हरीओमच्या कानाला लागले, "साहेबांसाठी एक प्यांटपीस-शर्टपीस काप. उंच्यातलं. बोलू नोको." ते बसले आणि विकास पाणी प्यायला उठला. "साहेबांसाठी एक काप हरीओम. लय उंच्यातलं." हरीओम सांगितल्याबाहेर जाणारा नव्हता. त्यानं दोन्ही तागे कापले. कात्रीचा आवाज झाला तेव्हा सरांनी लिहिलं : 'दोन पुरुष खरेद्या, हेतू अज्ञात.'

एवढ्यात गादीवर मिरचीच्या रंगाचा एक शालू पसरला. जर इतकी, की त्यात नवरी बसवून बैलगाडीनं न्यावी लागली असती! तो निकिताच्या खांद्यावर टाकला तसा तिचा एक खांदा खाली गेला.

"बाई, जड हाय वो," ती पुटपुटली.

"जडच राह्यते पोरी संसार," रुख्मिणी म्हणाली. पण तिची नजर खुर्चीवर होती.

प्रयागबाईनं पदर सावरला आणि थेट सरांकडं वळली. "साहेब, आता तुमीच सांगा. हा पसंत हाय ना?"

सरांनी डोकं कागदात आणखी खाली घातलं.

"का याच्याहून भारी पाह्यजे?"

सरांनी पापणीसुद्धा हलवली नाही. कपाळावर मात्र घाम आला.

"घामानं भिजले पाहा," जगदेवभाऊ बायकोला म्हणाले, "पन सांगत नाई! आपल्या पोरीत काय खोट दिसून राह्यली याले?"

इकडं विकासचा तोल सुटला. तो उभाच राहिला. "आई, ऊठ! वरची फळी खाली आली, तरी यायच्या मानसाचं तोंड सरळ होत नाई. लग्नाआधी हे, तं मंग काय? कायले करता अशी सोयरीक?"

"आमचा मानूस?" जगदेवभाऊही उठले, पण रागात माणसाला दुसऱ्याचं वाक्य अर्धंच ऐकू येतं. "तुमी कायले तोंड वाकडं करता? नसन कराचं तं सांगा तसं!"

रुख्मिणीनं डोळ्यांना पदर लावला. हरीओम दोन्ही हात पसरून पुन्हा पुन्हा सांगत होता, "त्याईले काही इचारू नका, मालकानं सांगतलं हाय!"

तेव्हा निकिता उठली. खांद्यावरचा शालू तिनं गादीवर सोडला, खुर्चीपुढं येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेब, तुमी कोन हा मले मालूम नाई. पन मले ह्या घरी जाचं हाय. पोरगा चांगला हाय. तुमच्या एका शब्दासाठी माह्यं लगन मोडून राह्यलं. बोला ना काही!"

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग कागदाकडं पाहिलं. एका पारड्यात विमान, पगार आणि रिसोडची पोरगी. दुसऱ्या पारड्यात समोर उभी असलेली ही पोरगी, जिचं नावही त्यांनी लिहिलं नव्हतं, फक्त 'नवरी : हात मोरपंखीवर, शेवटपर्यंत' एवढं लिहिलं होतं.

घसा खाकरून सर म्हणाले, "मोरपंखी."

दुकानात एकदम गार वारा सुटल्यासारखं झालं!

"बस्स! साहेबांनी सांगितलं!" जगदेवभाऊंचे हात आपोआप जोडले गेले.

"पाहा बरं, नजर कशी हाय!" प्रयागबाईनं मिरची शालू पायानंच मागं सारला. "मी तं पह्यलेच म्हनत होती. बांध रे मोरपंखी. आन् सूटबी साधाच बांध, उन्हाळ्यात कायले थे चमकनं!"

सगळे हसू लागले. जगदेवभाऊंनी हरीओमकडून कापड घेऊन सरांच्या मांडीवर ठेवलं. "घ्या साहेब. पुसदले गेले की बाईसाहेबाईले आमचा नमस्कार सांगा."

प्रयागबाईचं हसू अर्ध्यात थांबलं. "पुसदले? आमचे पुसदचे जावई तं आलेच नाई! हे तुमचे अकोल्याचे मामा ना?"

"अकोल्याचा मामा तापानं पडून हाय."

सगळी डोकी एकदम खुर्चीकडं वळली. सर खुर्चीत लहान लहान होत चालले होते. नेमक्या त्या घटकेला जानराव डोक्यावर पार्सल घेऊन दारात आले. "काय सर, झालं का कॉलेजचं काम? कोनी बोललं तं नाई ना?"

"म्हंजे हा," विकास एकेक शब्द मोजत म्हणाला, "कोनाचाच नाई?"

सर उभे राहिले. "मी... मी अभ्यास करत होतो. खरेदीत शेवटचा शब्द कोणाचा असतो, त्याचा."

"मंग कोनाचा निंघाला?" प्रयागबाईनं कमरेवर हात ठेवले.

सरांनी कागद वर-खाली पाहिला. दुसरं उत्तर सापडेना. "माझाच."

पहिली हसली रुख्मिणी. मग निकिता, मग डोळे पुसत प्रयागबाई. विकासला मात्र हसायला थोडा वेळ लागला. "लग्नाले या सर," तो शेवटी म्हणाला. "फक्त तिथं खुर्चीवर बसू नका!"

सरांनी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला.

"बोललात का?"

"एकच शब्द, मॅडम. मोडत होतं लग्न. वाचलं."

"छान. लग्न कायम, निरीक्षण बाद."

आता हिशोब. मोरपंखीचे पैसे प्रयागबाईनं दिले आणि हसत दिले. साधा सूट जगदेवभाऊंनी घेतला आणि वाचलेल्या पैशांत रुख्मिणीला एक नऊवारी. चहा जानरावांचा. वरच्या फळीचे शालू घडी होऊन वरच्या फळीवर गेले, हरीओमची दुपार तेवढी त्यात गेली. उरले कापलेले दोन पॅन्टपीस-शर्टपीस. जगदेवभाऊ म्हणाले, "आमी पुसदवाल्याचा मान केला होता." विकास म्हणाला, "आमी अकोलेवाल्याचा." जानराव हात चोळत म्हणाले, "साडीची घडी पुन्हा घालता येते सर. तागा कापला की कापला."

तेव्हा दोन्हीकडचा आहेर सरांनी स्वतःच्या खिशातून स्वतःलाच केला.

शिलाई वेगळी.