माउसवाल्यांसाठी कोपर-सहाय्य

"नेम मशीन धरतं आणि कॉलर तू ताठ करतोस! लाज वाटत नाही?"

हे चटक्याने लोळ्याला सुनावलं तेव्हा चटका खुर्चीवर उभा होता आणि लोळ्या नेहमीसारखा खुर्चीत आडवा होता. अन्यायाचं असंच असतं, तो हरलेल्या माणसाला आधी दिसतो. (गेमिंग कॅफेतल्या पाहणीनुसार हरणाऱ्या शंभर टक्के खेळाडूंना खेळ अन्यायकारक वाटतो, जिंकणाऱ्यांत हे प्रमाण शून्य. पाहणी आरडाओरड्यावरून केली.)

भांडणाचं मूळ साधं होतं. गोळीबाराचा ऑनलाइन खेळ. लोळ्या तो कंट्रोलरवर खेळायचा, म्हणजे दोन अंगठ्यांनी. अंगठ्याने नेम धरणं म्हणजे पायाने सुईत दोरा ओवणं. म्हणून खेळ बनवणाऱ्यांना दया आली आणि त्यांनी सोय करून ठेवली: शत्रू जवळ दिसला की नेमाचा ठिपका आपसूक त्याच्याकडे वळतो. याला एम असिस्ट म्हणतात. चटक्याच्या माउसला असली सोय नाही. त्याने त्यात मनगट घातलं होतं, खांदा घातला होता आणि शाळा सुटल्यापासूनचा सगळा वेळ घातला होता. (शाळा सुटल्यापासून म्हणजे कायमची सुटल्यापासून.)

कॅफेच्या संघात एकच जागा उरली होती, या दोघांत जो जिंकेल त्याची. हजेरीपटावरून नाव उडाल्यापासून चटक्याचं नाव कुठे म्हणून कुठे लागलेलं नव्हतं. ही जागा त्याला हवीच होती.

कॅफेचा मालक निष्पक्ष माणूस. दोन्ही बाजूंचा आवाज त्याला सारखाच नकोसा व्हायचा. त्याने तिथल्या तिथे समिती नेमली. समितीत तो स्वतः होता आणि शिडीवर चढून एसी दुरुस्त करणारा कारागीर होता. (उंचावरून दोन्ही बाजू नीट दिसतात.)

समितीपुढे पहिला पर्याय आला, लोळ्याची सोय बंद करा. लोळ्या म्हणाला, "मग मी जिंकायचं कसं?" हरकत रास्त ठरली. दुसरा पर्याय आला, चटक्यालाही कंट्रोलर द्या. चटका म्हणाला, "त्यापेक्षा मी शाळेत जातो." शिक्षा फार कडक होतेय, असं समितीचं मत पडलं. मग शिडीवरून तिसरा पर्याय आला. मदत हा अन्याय असेल तर ती दोघांनाही मिळाली पाहिजे, म्हणजे अन्याय समान वाटला जाईल. सबब ठराव झाला: माउसधारकाच्या पाठीमागे एक इसम उभा राहील आणि शत्रू दिसताच धारकाचं कोपर त्या दिशेला हलकेच लोटील.

तेवढ्यात चटक्याची ताई जिना चढून वर आली. शिवणाच्या दुकानातून तशीच आली होती, गळ्यात मोजपट्टी. "मामा खाली गाडी चालू ठेवून उभाय. त्याने कारखान्यात साहेबांच्या कानावर घातलंय तुझ्या नोकरीचं. चल."

"ताई, पाच मिनिटं. कोपर ढकल फक्त."

"मला यातलं काही कळत नाही."

"उत्तम," समिती म्हणाली, "मशीनलाही कळत नाही." नेमणूक पक्की झाली.

मग पोटनियम आले. इसमाने गोळी झाडायची नाही. इसमाने धारकाच्या डोक्यात टपली मारायची नाही (ताईकडे बघून). भिंतीमागचा शत्रू दाखवला तर ती चीटिंग, भिंतीपुढचा दाखवला तर ते सहाय्य. लोळ्याची तक्रार आली की ताईचा हात जड आहे, म्हणून दोनच बोटं मंजूर झाली. चटक्याची तक्रार आली की मशीन जांभया देत नाही, म्हणून ताईची जांभई रद्द झाली.

डाव सुरू झाला.

"ढकलू नको गं एवढं!"

"ढकलत नाहीये, वळवतेय. कापड ओढलं की शिवण वाकडी जाते. तू गप पुढे बघ."

चटका गप पुढे बघत राहिला आणि लोळ्या पडत राहिला. छपरावर पडला, जिन्यात पडला, शेवटी तर पळता पळता पडला. आयुष्यात पहिल्यांदा तो खुर्चीत सरळ बसला, तरी पडला.

चटका पुन्हा खुर्चीवर चढला. "बघितलंत? याला म्हणतात हात!"

ताईने आपल्या दोन बोटांकडे बघितलं. समितीने एसीकडे बघितलं.

"बरं," लोळ्या म्हणाला, "आता एक डाव दोघंही मदतीशिवाय. मी मशीनची बंद करतो, तू ताईला बसव."

चटका कित्येक महिने हेच तर ओरडत होता. एवढंच मागत होता.

चटका लालेलाल झाला. "मदत? कसली मदत? ताई नुसती उभी होती!"

"नुसती?" ताई म्हणाली.

"आणि निकाल लागल्यावर नियम बदलायचे? हा अन्याय आहे!"

"अगदी माझंच म्हणणं," लोळ्या म्हणाला आणि समाधानाने पुन्हा आडवा झाला. दोन्ही पक्षांत इतकं एकमत कॅफेने कधी पाहिलं नव्हतं. संघात चटक्याचं नाव लागलं.

खाली मामाने हॉर्न वाजवला. कारखान्याच्या फाटकाशी एव्हाना पाचसहा मुलं मुलाखतीसाठी बाकावर बसली असतील, शाळा पुरी केलेली, इस्त्रीचे शर्ट घातलेली. चटका मामाबरोबर बाजूच्या दाराने जाणार होता. (बाजूचं दार भिंतीमागे येतं की भिंतीपुढे, यावर समितीने मत दिलेलं नाही.) जिन्यात तो जरा रेंगाळला, तशी ताईने मागून कोपराला दोन बोटं लावली.

"मला कुणाची गरज नाही," तो म्हणाला आणि वळायचं तिकडेच वळला.

तुम्ही हसताय. हसा. पण ज्या खुर्चीत बसून हसताय, तिथवर येताना तुमच्या कोपराला कुणाची बोटं लागली होती? आठवत नाही ना? नुसतीच उभी असतील माणसं. जिन्यात उभे राहून असले प्रश्न विचारू नका, चटका चिडतो. "सरका बाजूला," तो म्हणतोय, "निघायचंय मला, मामा थांबलाय."