तिसरी मागणी

पंक्चरचं दुकान काढताना दौरेननं एकाच ठिकाणी काटकसर केली: हवा भरायचा कॉम्प्रेसर जुना घेतला. आठवड्याभरात त्या कॉम्प्रेसरचा दम सुटला आणि पाठोपाठ दौरेनचाही. ‘शनिवारपर्यंत दुकान सुरू कर, नाहीतर गाळा दुसऱ्याला देतो,’ असं मालकानं तोंडावर सांगितलं. मग काय, स्वारी ताल्दीकोरगान शहरातून बस पकडून थेट तोक्तारमामाच्या गावी.

आई गेल्यावर याच मामानं त्याला लहानाचा मोठा केला होता. मामा मायाळू, पण पैशाचं नाव काढलं की त्याला ऐकू येईनासं व्हायचं. तरी दौरेन निर्धास्त होता. भाच्यानं आयुष्यात तीनदा मागावं आणि मामानं मुकाट्यानं द्यावं, ही वाडवडिलांपासूनची रीत. पहिल्या मागणीत दौरेननं मामाची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी मागितली होती (कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यांना अंथरूण नको?). दुसऱ्या मागणीत, कापायला काढलेला मेंढा. त्याचे डोळे फार करुण होते म्हणे. तो मेंढा आजही मामाच्याच गोठ्यात, मामाचंच गवत खाऊन, मामालाच ढुशा देत होता.

तिसरी मागणी शिल्लक होती. ती दौरेननं आजवर जिवापाड जपली होती.

मामा दारातच भेटला, नजर दौरेनच्या हातातल्या खोक्यावर. “केक आणलास?” त्यानं डोळे बारीक केले. “भलामोठा आहे रे. बस बस, आधी जेव.”

ताटात बेशबरमाक आलं. वाफाळलेलं मटण, रुंद शेवया, वर कांदा. दौरेन मनातल्या मनात वाक्य घोकत होता: ‘मामा, भाचा म्हणून हक्कानं मागतो...’ घोकता घोकता त्यानं घास घेतला. एकदम अळणी! बाल्झानमामीच्या हाताला हे शोभणारं नव्हतं.

“मामा, जरा मीठ द्या ना.”

मामा ताडकन उठला. मिठाचा अख्खा पुडा त्यानं दौरेनच्या डाव्या हातात ठेवला. “घे! दिलं! तिसरी मागणी पुरी. बाल्झान, तू साक्षीला आहेस!”

दौरेनच्या हातून घास गळला. “मामा, ही काय मागणी झाली?”

“मागितलंस की नाही?”

“मागितलं, पण...”

“मी दिलं की नाही?”

“अहो, लाज वाटू द्या,” मामी कडाडली. “तरी मी विचारतेय, आज मटणात मीठ घालू नकोस म्हणून सकाळपासून मागे का लागलात!”

दौरेन पुडा तिथेच ठेवून बाहेर आला. गाळा गेला, दुकान गेलं, आता दुसऱ्याच्या हाताखाली टायर उचलायचे, असं म्हणत तो गोठ्याला टेकला. त्याला खरोखर रडू येत होतं. मेंढ्यानं मागून एक ढुशी दिली.

“शहरात कॉम्प्रेसर मिळतो ना चांगला?” मामा मागे उभा होता. हातात मामीचा रुमाल, रुमालात नोटांची जाड घडी. “तपकिरी घोडी विकली. कॉम्प्रेसरचं तुझ्या एका दोस्तानं आधीच सांगितलं होतं मला.”

“मग ते मिठाचं नाटक कशाला?”

“तू हक्कानं मागून नेतोस, आणि ते पोसायला माझ्याच गोठ्यात येऊन पडतं.” मामानं मेंढ्याकडे बोट दाखवलं. मग आवाज खाली आला. “आणि भाच्यानं मागायचं असतं रे. तुला या घरात आणलं, त्या दिवसापासून भाचा कोण मानतंय? मुलानं नुसतं सांगायचं. फोन करून सांगितलं असतंस, तरी चाललं असतं.”

दौरेननं मामाला मिठीच मारली. “मामा, तुम्ही म्हणाल ते करीन!”

“ऐकलंस ना, बाल्झान?” मामा घराकडे तोंड करून ओरडला. “आता तो मुलगा! दर रविवारी येऊन गोठा साफ करणार! आणि हा मेंढाही नेणार!”

दुपारच्या बसमध्ये दौरेन बसला. आतल्या खिशात रुमाल, मांडीवर मेंढ्याचं डोकं, शेजारची बाई नाक धरून. बस सुटली, तसा मामा धापा टाकत मागून धावत आला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

दौरेनचे डोळे भरून आले. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला.

मामानं त्या हातात मिठाचा पुडा ठेवला. “हे विसरलास. एवढं मागून घेतलंयस!”