अठ्ठेचाळीस डेसिबलची शांतता

या रविवारी साडूला चारी मुंड्या चीत करायचंच, असं चष्मेवाल्यांनी ठरवून टाकलं होतं!

मागच्या खेपेला या साडूने, म्हणजे बँकेतल्या साहेबाने, जेवण झाल्यावर खिशातून एक पांढरी डबी काढली. गोळ्या असतील म्हणून चष्मेवाल्यांनी तळहात पुढे केला, तर आतून निघाले बिनवायरचे इअरबड्स! "बाहेरचा आवाज तीस डेसिबलने कमी होतो," साडू म्हणाला. सासरे कौतुकाने बघत राहिले, आणि चष्मेवाल्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक समोरची अक्षरं वाचतंय आणि हे मोबाइलवर इअरबड्सची माहिती वाचतायत! एका आजींना तर त्यांनी डोळ्यांचा नंबर अठ्ठेचाळीस डेसिबल असा लिहून दिला.

अठ्ठेचाळीस! साडूपेक्षा अठरा जास्त! वर सहा माइक आणि चाळीस तासांची बॅटरी. त्यांनी ते इअरबड्स मागवूनच टाकले.

"पण तुम्हाला फोन करतं कोण?" बायकोने विचारलं. "सहा माइकवर बोलणार काय?"

"प्रश्न बोलण्याचा नाही, इज्जतीचा आहे!"

रविवारी साडूकडे जेवणं उरकली. सासरे वर्षभर तिथेच राहत होते. सगळे गप्पांना बसल्यावर चष्मेवाल्यांनी टक्कन डबी उघडली, इअरबड्स कानात खुपसले आणि बाहेरचा आवाज बंद करायला उजव्यावर बोट दाबून धरलं. वर गाणंही लावलं. सारी दुपार जणू कापसात गुंडाळली गेली.

साडूचे ओठ हलले. किंमत विचारत असणार! "त्याची काळजीच करू नका!" चष्मेवाले ओरडले. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो भलताच चढला होता. मग सासरे पुढे सरकून काहीतरी म्हणाले. डोळ्यांत पाणी! एवढं कौतुक? "अहो बाबा, त्यात माझा आनंदच आहे!" मेव्हणीने हात जोडले. बायकोने मात्र कोपराने ढोसून डोळे वटारले.

"आता खुणा कसल्या करतेस? ठरलं ते ठरलं! माघार नाही!"

साडूने उठून त्यांना कडकडून मिठीच मारली. त्या मिठीत एक इअरबड निसटून पडला आणि कान उघडा झाला.

"...उद्याच बॅगा पोचवतो!" साडू म्हणत होता.

"कसल्या बॅगा?"

"बाबांच्या! सहा महिने तुमच्याकडे नेता का विचारलं, तर साडूभाऊ, तुम्ही क्षणाचाही विचार केला नाहीत!"

सासऱ्यांनी डोळे पुसले. "जावईबापू, दोन महिने झाले, मी क्लॅरिनेट शिकतोय. पहाटे साडेपाचला रियाज असतो. त्रास होईल का विचारलं, तर म्हणालात, माझा आनंद!"

मंगळवारी बरोब्बर साडेपाचला क्लॅरिनेट किंचाळली. चष्मेवाल्यांनी अंथरुणातूनच हात लांबवून इअरबड्स घातले. पंख्याची घरघर गेली. फ्रिजची गुणगुण गेली. रस्त्यावरचे ट्रक गेले. उरली फक्त क्लॅरिनेट, स्वच्छ आणि ठणठणीत!

त्यांनी घाईघाईने साडूला फोन लावला. "अहो, तुमचं तीस डेसिबलमध्ये भागायचं तरी कसं?"

"छे हो, कसलं भागतंय!" पलीकडून जांभई आली. "मी पाचलाच फिरायला निघून जायचो. आज दोन महिन्यांनी अंथरुणात आहे. ठेवू का? झोप मोडतेय."

फोन बंद झाला. चष्मेवाले अंधारात बसून राहिले. आता त्यांना साडूच्या एकाच वस्तूचा हेवा वाटत होता.

उशीचा!