दोन फॅनचं कार्ड

गौरीशंकरनं कॉम्प्युटरचं ग्राफिक कार्ड बदलायचं ठरवलं आणि बायकोला ते नंतर सांगायचं ठरवलं. यातला पहिला निर्णय अगदी बरोबर होता.

मुरुमच्या बाजारपेठेमागं त्याचं घर होतं आणि घराच्याच कडेच्या खोलीत त्याचं मिक्सिंगचं काम चालायचं. मिक्सिंग म्हणजे लग्नाचं आठ तासांचं शूटिंग कापून दोन तासांवर आणायचं, रुसलेले पाहुणे वगळायचे आणि नवरा-नवरीला गुलाबाच्या पाकळ्यांतून वर आणायचं. आठ वर्षं जुन्या कॉम्प्युटरनं आजवर शेकडो जोडपी अशी वर आणली होती. पण आता लोक ड्रोन मागायला लागले, फोर-के मागायला लागले, आणि कॉम्प्युटरचा दम संपला. सिद्रामप्पा दालमिलवाल्यांच्या मुलीचं लग्न तर तो उघडायचा आणि हळदीपाशी थांबायचा. नवरीच्या गालाला आत्याचा हात लागलेला असायचा आणि तो हात काही केल्या निघायचा नाही. (एकदा गौरीशंकर अंघोळ करून, जेवून आला, तरी आत्या हळद लावतच होती.) शेवटी सिद्रामप्पांचा निरोप आला, की अक्षय तृतीयेपर्यंत व्हिडिओ द्या, नाहीतर आहे तसं शूटिंग परत द्या, उमरग्याला करून घेतो. सिद्रामप्पांचं काम गेलं असतं तर त्यांच्या सगळ्या भाऊबंदांची लग्नं गेली असती, आणि ती भाऊबंदकी निम्म्या तालुक्यात पसरलेली होती.

गौरीशंकरचा खिसा अठरा हजारांपर्यंत जात होता. त्यानं दोन आठवडे मोबाईलवर व्हिडिओ बघून अभ्यास केला. दिल्लीकडची तरुण पोरं त्यात ओरडून ओरडून सांगायची, की अमुक कार्ड म्हणजे कचरा आहे. कचरा म्हटलेली सगळी कार्डं त्याच्या बजेटमध्ये होती. त्यानं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची आतली लांबी बायकोच्या, म्हणजे शिवलीलाच्या, शिवणाच्या टेपनं चार वेळा मोजली आणि चार वेळा वेगळी भरली. (टेप तसाच कॅबिनेटमध्ये राहिला आणि शिवलीला दोन दिवस शेजारणीवर संशय घेत होती.) अखेर त्यानं उमरग्याच्या हैदरला फोन लावला. हैदरचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि गिऱ्हाईकाला परवडेल तेच तो चांगलं म्हणायचा, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

फोन त्यानं स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून केला, कारण रेंज तिथंच यायची. आत शिवलीला भाकरी थापत होती. तिच्या डोक्यावरचा फॅन लाटण्यानं ढकलल्याशिवाय सुरू व्हायचा नाही आणि सुरू झाल्यावर वारा नक्की कुणाला घालायचा ते ठरवत बसायचा. पुढच्या खोलीतल्या फॅनचं एक पातं वाकडं होतं. घरातला एकमेव धड पंखा म्हणजे मिक्सिंगच्या खोलीतला टेबल फॅन, आणि तो कॉम्प्युटरचा पत्रा काढून त्याच्या उघड्या पोटाकडं तोंड करून ठेवलेला असायचा. शिवलीला दोन उन्हाळे "नवा फॅन बघा" म्हणत होती आणि गौरीशंकर दोन उन्हाळे "बघू" म्हणत होता. तर त्या दिवशी तिला फोनवरचं एवढंच ऐकू आलं:

"हैदरभाई, एका फॅननं काय व्हतंय वो? दोन फॅनचंच द्या. इथं लई तापायलंय... तीन? न्हाय न्हाय, तीन बसायला जागा कुठंय आपल्यात... आवाज करू नये बगा, बास... व्हय, व्हय. घरात सांगितलं न्हाय अजून. आल्यावर सांगतो की!"

शिवलीलाच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधी परातीत पडली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत नवऱ्यानं तिला न सांगता आणलेली वस्तू म्हणजे कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी. त्या माणसानं गुपचूप दोन फॅन सांगावेत, एक स्वयंपाकघरात आणि एक पुढच्या खोलीत, हे तिच्या मनाला इतकं भिडलं की तिनं त्या रात्री काही सण नसताना हुग्गी केली. गव्हाची खीर, वर तूप. गौरीशंकरनं ती दोन वाट्या खाल्ली आणि आपला काही वाढदिवस वगैरे आहे का ते मनात तपासून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो बेंबळीला दोन दिवसांच्या लग्नाच्या शूटिंगला गेला. इकडं शिवलीलानं आपल्या आईला फोन केला. उमाबाई आळंदकडच्या, कर्नाटकातल्या. त्यांच्या गावात वीज दिवसातून तीनदा जायची. "जावयानं दोन फॅन घेतलेत" हे ऐकल्यावर त्या उन्हाळाभर राहायच्या तयारीनं दुपारच्या गाडीनंच आल्या. त्याच दिवशी गोरोबा वायरमन गल्लीत दिसला. गोरोबा एकदा हातचा सुटला की पुन्हा कधी सापडेल याचा भरवसा नसे. म्हणून शिवलीलानं त्याला तिथंच धरलं, दोन्ही जुने फॅन उतरवून घेतले, वायरी मोकळ्या करून ठेवायला लावल्या आणि आतल्या तांब्याला भाव आहे म्हणून दोन्ही फॅन भंगारवाल्याला घातले. बाई कामाची होती. नवऱ्याच्या एका फोनवर तिनं एवढं केलं, पुरावा असता तर काय केलं असतं कोण जाणे.

गौरीशंकर बेंबळीहून परतला तेव्हा छताला दोन ठिकाणी नुसत्या वायरी लोंबत होत्या आणि सासूबाई खाटेवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या.

"मामी, कवा आलाव?" त्यानं विचारलं, आणि मग वर बघून, "शिवलीला, फॅन कुठं गेले?"

"आता नाटक पुरं!" शिवलीला हसत बाहेर आली. "दोन सांगितलाव न्हवं हैदरभाईला? ऐकलंय म्या सगळं."

खरं सांगायला ती वेळ उत्तम होती. "अगं, ते फॅन कार्डाचे" एवढे चारच शब्द होते. गौरीशंकरनं तोंड उघडलंही. तेवढ्यात उमाबाई म्हणाल्या, "आमच्या घरात चार जावई हायत. पण लेकीला उकडायलंय हे एकालाच कळलं बगा." आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. शिवलीला त्याच्याकडं अशा नजरेनं बघत होती, की तसं तिनं शेवटचं कधी बघितलं होतं ते त्याला आठवेना.

"उद्या येतंय," गौरीशंकर म्हणाला.

ते खोटं नव्हतं. (खोटं नसलेल्या वाक्यांनीच त्याचा आजवर घात केला होता.)

दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या एसटीनं पार्सल आलं. बुटाच्या खोक्याहून थोडं मोठं. उमाबाईंनी ते देव्हाऱ्यापुढं ठेवलं, त्यावर विभूतीची तीन बोटं ओढली, बेलाचं पान ठेवलं आणि मग खोक्याकडं जरा वेळ निरखून पाहिलं.

"एवढ्याशा खोक्यात दोन?"

"घडीचे आसतील," शिवलीला म्हणाली. "पाती मागनं जोडत आसतील."

खोकं उघडलं. आतून वीतभर लांब एक काळी वस्तू निघाली. तिच्यावर चहाच्या बशीएवढे दोन पंखे शेजारी शेजारी बसवलेले होते. ते बघताना गौरीशंकरला अंगणातून गेलेल्या म्हशीच्या गळ्यातली घंटासुद्धा ऐकू आली.

"फ्यान एल्ली?" उमाबाईंनी कानडीत विचारलं. फॅन कुठंय, एवढाच साधा प्रश्न होता.

गौरीशंकरनं दोन बश्यांकडं बोट दाखवलं. मग त्यानं सगळं सांगितलं. आत्याचा अडकलेला हात सांगितला, सिद्रामप्पांचा निरोप सांगितला, ह्या कार्डाला पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही म्हणून किती पैसे वाचले तेही सांगितलं. बजेट ऐकून शिवलीलाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. अठरा हजारांत छताचे फॅन किती येतात हा हिशेब करायला बायकांना पाटीपेन्सिल लागत नाही.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

भांडली असती तर गौरीशंकरला बरं वाटलं असतं. भांडणाची त्याला सवय होती आणि त्यात तो हरायचाही छान. ह्या "बरं"चं काय करायचं ते त्याला कळेना. निदान वस्तू तरी चांगली आहे हे दाखवावं म्हणून त्यानं कार्ड बसवलं, दोघींना मिक्सिंगच्या खोलीत बोलावलं आणि बटण दाबलं.

स्क्रीन झकास उजळला. पंखे मात्र जागचे हलले नाहीत.

"बंदच हायत की वो," उमाबाई वाकून बघत म्हणाल्या.

गौरीशंकरनं घाबरून हैदरला फोन लावला. हैदर म्हणाला, "अरे शंकरभाई, फिकर कायकू करते? नवीन कार्डं अशीच आसतात. तापलं की मगच फॅन फिरतंय. फुकट फिरत न्हाय." फोन स्पीकरवर होता.

"बेचाळीस डिग्री हाय," उमाबाई म्हणाल्या. "आजून किती तापायला पायजे त्याला?"

परत करायचाही प्रश्न उरला नव्हता. गौरीशंकरनं हळूच विचारलं तेव्हा हैदर म्हणाला, सील फुटलं म्हणजे कंपनी घेत नाही. विभूतीचं तर त्यानं सांगितलंच नाही.

कार्ड मात्र खरंच गुणाचं निघालं. आत्याचा हात नवरीच्या गालावरून सुटला, फिरला, दुसऱ्या गालाला लागला. जे काम आधी चौदा तास घेत होतं ते दोन तासांत संपलं, आणि अक्षय तृतीयेच्या तीन दिवस आधी सिद्रामप्पांचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये तयार झाला. आनंदानं गौरीशंकर सांगायला धावला, तर स्वयंपाकघरात शिवलीला चुलीतून काढल्यासारखी लाल झालेली. लाटण्यानं ढकलायचा तो फॅनही आता नव्हता. एका हातानं ती भाकरी फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं ताटलीनं वारा घेत होती.

"झाला व्हिडिओ," तो म्हणाला.

"बरं झालं."

गौरीशंकरला मनापासून वाईट वाटलं. दोन उन्हाळे ती ह्या खोलीत अशीच भाजत होती आणि त्यानं कॉम्प्युटर तापतो म्हणून रात्र रात्र काळजी केली होती. हे त्याला आत्ता, ताटलीकडं बघताना कळलं. त्यानं ताटली आपल्या हातात घेतली आणि वारा घालायला लागला. दोन मिनिटांत पीठ उडून शिवलीलाच्या डोळ्यांत गेलं. मग त्याला बाहेर जायला सांगण्यात आलं.

संध्याकाळी शिवलीला पदर खोचून उभी राहिली. "पेन ड्राइव्ह द्या हिकडं. सिद्रामप्पांच्या घरी मी जाऊन येते."

"मी जातो की."

"तुमी गेलाव की ते पैशाला पुढच्या महिन्यात या म्हणतेत आन तुमी बरं म्हणताव," ती म्हणाली. गौरीशंकरनं पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवला.

दीड तासानं ती आली. मागं गोरोबा होता आणि गोरोबाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक लांबट खोकं होतं. सिद्रामप्पांकडून मिक्सिंगचे राहिलेले पैसे घेऊन तिनं परस्पर फॅनच्या दुकानात त्यांचा निकाल लावला होता. तासाभरात स्वयंपाकघरात एक आणि पुढच्या खोलीत एक, असे दोन पांढरे शुभ्र फॅन फिरायला लागले. उमाबाई खाटेवर आडव्या झाल्या. शिवलीला चुलीपुढं नुसतीच उभी राहिली, डोळे मिटून, आणि तिचे कपाळावरचे केस उडायला लागले. तिनं डोळे उघडले, दारातल्या नवऱ्याकडं बघितलं आणि चक्क हसली.

आता सगळं मिटलं असं समजून तोही हसत आपल्या खोलीत गेला, आणि तसाच परत आला.

"टेबल फॅन कुठं गेला?"

"आईच्या उशाला लावलाय. छताच्या फॅनचं वारं त्येंच्या पायालाच लागायलंय." शिवलीलानं पुढची भाकरी तव्यावर टाकली. "आन तुमाला कशाला पायजे? तुमच्यात दोन हायत की!"

गौरीशंकर खोलीत येऊन बसला. खोलीत पान हलत नव्हतं. घाम मानेवरून पाठीत उतरला. समोर कार्डाचे दोन्ही पंखे गार आणि निवांत उभे होते. हातात काही काम उरलं नव्हतं. त्यानं दार लोटून घेतलं, तामलवाडीचं दोन वर्षांपूर्वीचं, केव्हाच पोहोचतं केलेलं एक बारसं शोधून काढलं, कार्ड तापावं म्हणून ते पुन्हा फोर-केमध्ये रेंडर करायला लावलं आणि कॅबिनेटपाशी तोंड नेऊन वाट बघत बसला. सात मिनिटांनी पंखे फिरले. हवा आली, आणि ती बाहेरच्यापेक्षा गरम होती.