फोनला हात न लावता

टेंभुर्णी सुटेपर्यंत कुंडलिकरावांनी तीनदा सांगून टाकलं, की गाडी चालवताना आपण फोनला हात लावत नाही. कारणही तसंच होतं. मागच्या सीटवर मुलाची आई रंभाबाई आणि वडील नवनाथराव बसले होते. सोलापूरला कुंडलिकरावांच्या मुलीला, वैष्णवीला, बघायला निघालेल्या या मंडळींनी आधीचं एक स्थळ मोडलं होतं, ते केवळ मुलीचा बाप कानाला फोन लावून गाडी हाकतो म्हणून. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून कुंडलिकरावांनी पुतण्याकडून फोन गाडीला जोडून घेतला होता. फोन आला की आपोआप उचलला जायचा आणि पलीकडचं बोलणं गाडीच्या स्पीकरवर ऐकू यायचं.

मोहोळच्या अलीकडे तो तसाच उचलला गेला आणि त्यांच्या पत्नीचा, मीनाबाईंचा आवाज गाडीभर घुमला.

"अवो, त्या भाकरी इकणाऱ्या गुरम्माकडनं कडक भाकरी आणल्यात. वैष्णवीनंच थापल्यात म्हणून सांगा. पोरीला भाकरी येत न्हाय, ते त्या बाईला कळाय नको. लई चिकित्सक हाय म्हणं ती."

कुंडलिकरावांची पंचाईत झाली. फोन बंद करावा तर हात लावावा लागणार. गाडी कडेला घ्यावी तर डावीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. बोलणं पाहुण्यांनाही ऐकू जातंय हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण मीनाबाई मध्ये श्वास घेतील तर ना. ते जोरात खोकले, तर मीनाबाईंनी काढा सुचवला आणि लेकीच्या स्वयंपाकाची उरलीसुरली अब्रूही वेशीवर टांगली. आरशात बघायची त्यांची छाती होईना. पोरीचं जमता जमता मोडलं, असंच त्यांनी धरलं.

अखेर एका धाब्यासमोर जागा मिळाली. गाडी थांबवून त्यांनी फोनकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या चालू," म्हणत रंभाबाई पुढे वाकल्या. "मीनाबाई, मी रंभाबाई. मागंच बसलेय."

मग रंभाबाईंनीच पुढे सांगायला घेतलं.

"आता कळलंच हाय, तर आमचं बी ऐका. आमचा अजिंक्य पुण्यात एकटा राहून भाकरी थापाय शिकलाय. माझ्यापेक्षा गोल करतो. लोक हसतील म्हणून आमीच झाकून ठिवलं व्हतं. त्यो थापंल की. तुमच्या पोरीला निदान भाजता तरी येती का?"

"येती की," मीनाबाई लगेच म्हणाल्या.

तेही खरं नव्हतं. मीनाबाई आणखी काही बोलायच्या आत कुंडलिकरावांनी फोन बंद केला.