उद्योगदाते तात्याराव

कर्नाटकातल्या सीमेवरच्या मुडबी गावात कन्नड कळणारी मराठी माणसं पुष्कळ. पण कन्नड आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, यावर तात्यारावांचा गाढ विश्वास होता. पंचायतीपुढे कुठलाही कागद लागला की ते चष्मा पुसत पुढे होत आणि कोणी न विचारता अर्थ सांगून टाकत. कधीकधी तो बरोबरही निघे!

त्यांची मुलगी राजश्री बी.ए. झाली, सरकारी योजनेतून फुकट कॉम्प्युटर शिकली, पण नोकरी काही लागेना. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर मावशी आणेल ते स्थळ बघायचं, असं घरात ठरलं होतं आणि त्या विचारानंच पोरीची झोप उडाली होती. अशात बसवकल्याणला सरकारचा ‘उद्योग मेळा’ भरणार असल्याचं कळलं. कन्नडात उद्योग म्हणजे नोकरी, हे राजश्रीला ठाऊक होतं. पण नाव नोंदवायच्या दिवशीच तिची एक भरतीची परीक्षा आली, आणि पंचायतीत तात्याराव गेले.

फॉर्मवर कन्नड अक्षरांत दोन चौकोन होते. एकापुढे ‘उद्योगाकांक्षी’, दुसऱ्यापुढे ‘उद्योगदाता’. तात्यारावांनी अक्षरं कन्नड वाचली आणि डोकं मराठी चालवलं. आपल्या पोरीला उद्योगधंद्याची आकांक्षा कुठाय? तिला तर नोकरी पाहिजे! म्हणजे पहिला चौकोन बाद. आणि ‘दाता’ हा शब्द त्यांना भलताच आवडला. आजवर घरातल्या सगळ्यांनी दुसऱ्याच्या दारात उभं राहून काम मागितलं. पोरगी निदान कागदावर तरी दाता होऊ दे. त्यांनी झोकात खूण केली.

मेळ्याच्या दिवशी दारावरच्या माणसाला राजश्रीचं नाव नोकरी मागणाऱ्यांच्या यादीत सापडेना. तिचं तोंड उतरलं. मग त्यानं दुसरी यादी उघडली आणि खुर्चीवरून उठून उभाच राहिला. दोघांना तो थेट मांडवात घेऊन गेला. चौदा नंबरच्या टेबलावर पाटी होती, ‘राजश्री तात्याराव, मुडबी’. कोणीतरी तात्यारावांना मालक समजून शाल पांघरली, डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे तिकडची मानाची पगडी, चढवला. गरिबाच्या लेकराचा सरकार किती मान ठेवतं, या विचारानं तात्यारावांचा ऊर भरून आला.

“अप्पा, तुमी खूण कुठं केलाव?” राजश्रीनं दबक्या आवाजात विचारलं.

“दात्यावर. कामून?”

तिनं कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात टेबलापुढे रांग लागली. पहिला होता आळंदकडचा धनराज. पेटा बघून त्यानं कोरा फॉर्म तात्यारावांपुढे धरला आणि पगार किती देणार असं विचारलं. विचार करून सांगू, असं तात्यारावांनी सांगून टाकलं.

राजश्री मेळा भरवणाऱ्या साहेबांकडे धावली, तर साहेब पाहुण्यांच्या स्वागतात. ती रडवेली होऊन परत आली. धनराज कोरा फॉर्म घेऊन तसाच उभा होता. कन्नडात तो भरायचा कसा, हेच त्याला कळत नव्हतं. तिनं भरून दिला आणि त्याला नऊ नंबरच्या टेबलाकडे पाठवलं. मग पुढचा आला, मग त्याच्या मागचा. मराठीवाल्याशी मराठी, कन्नडवाल्याशी कन्नड, दखनीवाल्याशी दखनी. दुपारपर्यंत तिनं चाळीसेक जणांना मार्गी लावलं. तिचा स्वतःचा अर्ज मात्र पिशवीतच राहिला.

शेजारच्या टेबलावर कलबुर्गीच्या एका दवाखान्यासाठी माणसं निवडायला आलेल्या अंबिका मॅडम बसल्या होत्या. त्या सकाळपासून हे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “तुमची कंपनी कुठली?”

“कसली कंपनी, मॅडम. मीच नोकरी मागायला आलेय.”

मॅडम हसल्या. दवाखान्याच्या चौकशी टेबलासाठी तीन भाषा बोलणारी मुलगी त्या शोधत होत्या, आणि ती हाताच्या अंतरावर बसलेली! त्यांनी तिचा अर्ज मागून घेतला आणि सोमवारी हजर व्हायला सांगितलं. राजश्रीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

परतताना तात्यारावांनी बसमध्येही पेटा उतरवला नाही. मी बरोबर चौकोनात खूण केली असती तर तुला कोण बघणार होतं, हे त्यांनी राजश्रीला तीनदा आणि कंडक्टरला एकदा ऐकवलं. घरी आल्यावर बायकोला, सावित्रीबाईंनाही सगळं सांगून झालं.

संध्याकाळी राजश्री नोकरीवर हजर व्हायचा फॉर्म भरायला बसली. “इथं विचारलंय, वडिलांचा उद्योग काय?”

तात्याराव पेन घ्यायला पुढे सरसावले. सावित्रीबाईंनी ते आधीच उचलून लेकीच्या हातात दिलं.

“लिही,” त्या म्हणाल्या, “नसते उद्योग.”